वसंतात जुन्या प्लँटेशनवर जायचंय? नॉर्दर्न व्हर्जिनियात नव्याने आलेल्यांसाठी

शँटिली, हर्नडन, ॲशबर्न या पट्ट्यात नुकतंच बिऱ्हाड मांडलेल्या मराठी घरांत मार्च लागला की एकच चर्चा असते. थंडी ओसरली, आता शनिवारी पोरांना न्यायचं कुठे? वॉशिंग्टनचे चेरी ब्लॉसम सगळ्यांना माहीत असतात, आणि सगळे तिथेच जातात. त्या शनिवारी तळ्याकाठी फुलांपेक्षा माणसंच जास्त दिसतात. पण तासाभराच्या अंतरावर पोटोमॅक नदीकाठी आणि आसपास जुनी प्लँटेशन्स, म्हणजे एकेकाळी गुलामांच्या कष्टावर चाललेल्या मोठ्या शेती-इस्टेटी, आहेत. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे पतंग, रोपं, भरतकाम, मेंढ्या, जुन्या गाड्या असं काही ना काही चालू असतं. तिकडे कसं जायचं, काय न्यायचं आणि गेल्यावर आधी काय पाहायचं, ते इथे सांगते.

आधी जागेविषयी दोन शब्द, कारण हिरवळ पाहून गैरसमज होतो. अठराव्या शतकात या नदीकाठची हजारो एकर जमीन मोजक्या कुटुंबांच्या हातात होती. आधी तंबाखू, पुढे गहू आणि मका. शेतात, चुलीपाशी, लोहारकामाला, धोबीघाटावर राबणारी माणसं आफ्रिकेतून आणलेली किंवा त्यांची इथेच जन्मलेली मुलं-नातवंडं होती, आणि कायद्याच्या लेखी ती मालकाची मालमत्ता होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवर १७९९ साली अशी ३१७ माणसं होती. त्यातली १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. बाकीची बहुतेक बायकोच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीतली, आणि काही भाड्याने आणलेली. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. कार्यक्रमाला मजा करायला जा, पण जागेवर पोचल्यावरचा पहिला तास या माणसांना द्या. मुलांचे पाय ताजे असतात, डोकंही ताजं असतं. पतंग दुपारी उडतोच.

पहिली पायरी: कुठून सुरुवात करायची

गाडीचा नवा परवाना हातात आला असेल आणि लांबचा रस्ता नको वाटत असेल, तर सली हिस्टॉरिक साइट गाठा. रूट २८ वर आहे, तुम्ही ज्या डलस विमानतळावर उतरलात त्याच्या अगदी शेजारी. १७९४ चं घर. मालक रिचर्ड ब्लँड ली, म्हणजे काँग्रेसमध्ये नॉर्दर्न व्हर्जिनियाचा पहिला प्रतिनिधी. विमानतळासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा हे घरही जमीनदोस्त व्हायचं होतं. १९५९ साली काँग्रेसने कायदा करून ते वाचवलं. आता जागा फेअरफॅक्स काउंटीच्या पार्क अथॉरिटीकडे आहे. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, घर आतून बघायचं तर टूरचं तिकीट. आवारात गुलामांच्या खोपटाची प्रतिकृती उभी केली आहे. ती चुकवू नका. जूनमध्ये फादर्स डेला इथे जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरत आलं आहे. जून म्हणजे आपल्या हिशेबाने पावसाळा, पण इथल्या कॅलेंडरात २० तारखेपर्यंत वसंतच चालतो.

गन्स्टन हॉल लॉर्टनजवळ, मेसन नेकच्या टोकाकडे. मार्चमधला पतंग महोत्सव इथे होतो. मुलं पाच ते बारा वर्षांची असतील तर पहिली सहल हीच करा. त्याविषयी पुढे सविस्तर.

वुडलॉन, माउंट व्हर्ननपासून काही मिनिटांवर. मार्च महिन्यात इथे भरतकामाचं मोठं प्रदर्शन भरतं. क्रॉस स्टिच, गोधडीकाम, टपेस्ट्री, खोल्याच्या खोल्या भरून. आई किंवा सासूबाई इथे आल्या असतील आणि त्यांनी कधीकाळी कशिद्याचे रुमाल केले असतील, तर त्यांना मॉलमध्ये फिरवण्यापेक्षा इथे न्या. दोन तास त्या हलणार नाहीत. या घराची एक गोष्ट मला फार आवडते. १८४६ मध्ये उत्तरेकडच्या क्वेकर पंथाच्या लोकांनी ही इस्टेट विकत घेतली, ती गुलामांशिवाय शेती फायद्यात चालते हे व्हर्जिनियाला करून दाखवण्यासाठी. जमिनीचे तुकडे पाडून त्यांनी ते गोऱ्या आणि स्वतंत्र काळ्या शेतकऱ्यांना विकले.

माउंट व्हर्नन सगळ्यात मोठं, सगळ्यात गर्दीचं आणि वर्षाचे ३६५ दिवस उघडं. वसंतात ऐतिहासिक रोपांची विक्री, मे महिन्यात क्रांतियुद्धाचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा, वीकएंड (तंबू, घोडे, तोफा, मुलं वेडी होतात) आणि संध्याकाळचा वाइन फेस्टिव्हल.

शार्लट्सव्हिलजवळचं माँटिसेलो, म्हणजे अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याचं घर, पहिल्याच वसंतात नको. जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीत जातात आणि तिथली बाग एवढी आहे की घाईत बघण्यात अर्थ नाही. नुसता भाजीमळाच १००० फूट लांब आहे. मुक्काम करून जा.

दुसरी पायरी: तारखा आणि तिकिटं

तारखा दरवर्षी हलतात. व्हॉट्सॲपवर फिरणारं पोस्टर कधीकधी दोन वर्षांपूर्वीचं असतं, त्यामुळे त्या जागेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊनच खात्री करा, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बघा. पतंगाचा कार्यक्रम पावसाने पुढे जाऊ शकतो. तंबूतले कार्यक्रम बहुधा पाऊस पडला तरी होतात, आणि तुम्ही गेला नाहीत तर पैसे परत मिळतीलच असं नाही.

तिकीट काढताना तीन गोष्टी तपासा. माणशी आहे की गाडीमागे? गाडीमागे असेल तर दोन कुटुंबांनी एका मोठ्या गाडीतून जाणं सोयीचं. दुसरं, कार्यक्रमाच्या तिकिटात घराची टूर धरलेली आहे का? माउंट व्हर्ननला आवाराचं तिकीट वेगळं आणि हवेलीच्या आत जायची वेळ वेगळी घ्यावी लागते. वेळ न घेता गेलात तर हवेली बाहेरूनच बघून परत यावं लागतं. तिसरं, वार्षिक सभासदत्व. एप्रिल ते सप्टेंबर आई-बाबा, मग सासू-सासरे, मग मामेभाऊ असा पाहुण्यांचा राबता असणार असेल तर त्याचा हिशेब एकदा मांडून बघाच.

वाइन फेस्टिव्हलला जाणार असाल तर वय २१ पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. व्हर्जिनियाचा परवाना अजून आला नसेल तर पासपोर्ट जवळ ठेवा. भारतातल्या लायसन्सवर फाटकावरचा माणूस समाधान मानेलच असं नाही. तिकिटं लवकर संपतात. मुलांना घरी ठेवायची सोय असेल तरच जा, नाहीतर ती कंटाळतात आणि मग तुम्हीही.

एप्रिलमध्ये आणखी एक सोहळा असतो, हिस्टॉरिक गार्डन वीक. गार्डन क्लब ऑफ व्हर्जिनिया १९२९ पासून हा भरवते. साधारण आठ दिवस राज्यभरातल्या खासगी बागा आणि घरं तिकीट लावून उघडतात, आणि तो पैसा जुन्या बागांच्या डागडुजीला जातो. याचं मूळ १९२७ सालच्या एका पुष्पप्रदर्शनात आहे. माँटिसेलोच्या हिरवळीवरची जेफरसनची झाडं वाचवायला त्यातून ७००० डॉलर जमले होते. लोकांच्या राहत्या घरांत जायचं असल्यामुळे आत फोटो काढायचे नाहीत. बाबागाडीही घरीच ठेवा. लहान मुलांचा हा कार्यक्रम नव्हे.

तिसरी पायरी: पोचायचं कसं

गन्स्टन हॉलला बसने जायच्या भानगडीत पडू नका. गाडी नसेल तर ओळखीच्यांबरोबर जा. हर्नडनकडून फेअरफॅक्स काउंटी पार्कवे, म्हणजे २८६, धरून सरळ खाली रिचमंड हायवेपर्यंत या आणि मग गन्स्टन रोड. नकाशा तुम्हाला आय-९५ वर घालायला बघेल. शनिवारी सकाळी ९५ चा भरवसा कुणी देत नाही. नवख्या माणसाने तिथल्या एक्सप्रेस लेनमध्ये शिरताना पाटीवरचा आकडा वाचावा. तिथला टोल गर्दीप्रमाणे वरखाली होतो, शनिवार-रविवारीसुद्धा. गाडीत तीन माणसं असतील आणि ई-झेडपास फ्लेक्सचं (काचेला लावायची टोलची डबी) बटण एचओव्हीकडे, म्हणजे जास्त माणसांच्या गाडीकडे, सरकवलेलं असेल तर टोल लागत नाही. साधा ई-झेडपास असेल तर तिघे असूनही पैसे कापले जातात.

माउंट व्हर्ननला गाडीशिवाय जाता येतं. मेट्रोची यलो लाइन हंटिंग्टनपर्यंत, तिथून फेअरफॅक्स कनेक्टरची बस. रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. सायकलवाल्यांसाठी नदीकाठचा माउंट व्हर्नन ट्रेल आहे, साधारण १८ मैल, आणि एप्रिलमध्ये त्यासारखी वाट नाही. शेवटचा चढ मात्र दम काढतो.

चौथी पायरी: कपडे, डबा, औषध

मार्चमधल्या ऊनपावसावर विश्वास ठेवू नका. गाडीत बसताना स्वेटर नको वाटतो आणि नदीकाठच्या मैदानात वारा सुटला की कान बधिर होतात. कानटोपी न्या, कुणी हसणार नाही. जमीन ओली असते, पांढरे बूट घरी ठेवा. एप्रिलच्या मध्यापासून ओकच्या झाडांचा पिवळा पराग पडायला लागतो. गाडीच्या काचेवर हळद सांडल्यासारखा थर बसतो. भारतात कधी ॲलर्जी झाली नाही म्हणून इथे होणार नाही असं नसतं. डोळे चुरचुरायला लागले, शिंका थांबेनात, तर फार्मसीतल्या माणसाला विचारून गोळी जवळ ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी फूड ट्रक असतात, पण शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुतेकदा फ्राइज आणि लिंबूसरबत येतं. घरून धपाटे, चटणी लावलेल्या पोळीचे रोल, दह्यातलं काहीतरी न्या. बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे का आणि कुठे बसून खायचं, हे आधी पाहून घ्या. प्रत्येक जागेचा नियम वेगळा. आई-बाबा बरोबर असतील तर चालणं किती आहे ते विचारा. माउंट व्हर्ननला हवेलीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत उतार आहे आणि परत येताना तोच चढ होतो.

पाचवी पायरी: गन्स्टन हॉलचा पतंग

सगळ्यात आधी मांजा. काचेचा नको, नायलॉनचा तर नकोच. भारतातही राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली आहे, आणि इथे तर शेजारी तीन वर्षांचं पोर दोरीतून पळत जाणार असतं. दुसरं कारण आकाशात आहे. गन्स्टन हॉल ज्या भूशिरावर आहे, तिथेच मेसन नेक वन्यजीव आश्रयस्थान आहे. टक्कल्या गरुडाच्या, म्हणजे बाल्ड ईगलच्या, रक्षणासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये राखलेलं हे पहिलं आश्रयस्थान. पतंगाकडे बघताना वर खरोखरचा गरुड घिरट्या घालताना दिसू शकतो. झाडात अडकलेला दोरा त्याच्या पंखात गेला तर तो जिवानिशी जातो. तेव्हा साधा सुती दोरा वापरा, तुटलेला तुकडा न तुकडा गोळा करा आणि खिशात घालून घरी न्या.

इथे काटाकाटी नसते. येवल्याच्या संक्रांतीत, हातात आसारी (मांजाची फिरकी) धरून वाढलेल्या माणसाला हे मिळमिळीत वाटेल. कुणाचा पतंग गुल होत नाही, गच्चीवरून आरोळी उठत नाही, तिळगूळही नाही. शेकडो पतंग आपापल्या जागी उभे, लांब शेपट्या फडफडवत. पहिली पंधरा मिनिटं हात शिवशिवतात. नंतर त्याचीही गंमत येते.

भारतातून आणलेला कागदी पतंग न्यायचा असेल तर त्याला शेपटी लावा. आपला पतंग गच्चीवरच्या एकसारख्या वाऱ्यासाठी आणि झटपट वळण्यासाठी केलेला असतो. मार्चमधल्या मैदानातला वारा मात्र झोताझोताने येतो, त्यात तो गिरक्या घेतो आणि नाकावर आपटतो. जुन्या सुती साडीची किंवा ओढणीची तीन-चार हात लांब पट्टी खाली बांधली की तो स्थिर होतो. कन्नी बांधताना वरची बाजू किंचित आखूड ठेवा. कागद फाटेल म्हणून चिकटपट्टी जवळ असू द्या. मुलांसाठी मात्र दुकानातला त्रिकोणी नायलॉनच्या कापडाचा पतंग बरा. तो पडला तरी फाटत नाही, आणि मूल रडत नाही.

उडवण्याची रीत आपलीच. वाऱ्याकडे पाठ करा. समोर वीस-पंचवीस पावलांवर कुणीतरी पतंग डोक्यावर धरून उभं राहू दे. झोत आला की त्याने सोडायचा, तुम्ही एक खेच द्यायची आणि मग ढील. पळायची गरज नसते. पळणारी मुलं इतरांच्या दोऱ्यात अडकतात. झाडांपासून लांब, मैदानाच्या मध्याकडे जागा धरा, आणि शेजाऱ्याशी बोलून घ्या. सगळ्यांचे पतंग वाऱ्याबरोबर एकाच दिशेला झुकतात, त्यामुळे रांगेत उभं राहिलं तर गुंता होत नाही. झालाच तर आधी माफी, मग गाठ. ओढाताण करायची नाही.

वॉशिंग्टन स्मारकाजवळ मार्चअखेरीला जो पतंग महोत्सव होतो तो वेगळा. नावं ऐकून घोटाळा होतो. तो शहरात, मेट्रोने जाण्यासारखा. हा खेड्यासारखा, आणि बरोबर पाहायला घरही आहे.

त्या घराविषयी. जॉर्ज मेसनने ते १७५५ ते १७५९ मध्ये बांधून घेतलं. आतलं लाकूडकाम विल्यम बकलंड या इंग्लंडहून करारावर आणलेल्या तरुण सुताराने योजलं. एका दालनाला चिनी धाटणीचं नक्षीकाम आहे, त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ. मेसनने लिहिलेला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा १२ जून १७७६ ला मंजूर झाला. सगळी माणसं निसर्गतः सारखीच मुक्त आणि स्वतंत्र आहेत, असं त्यात म्हटलं आहे. १७८७ मध्ये राज्यघटनेवर सही करायला जे तिघे नाही म्हणाले, त्यातला तो एक. घटनेत हक्कांची सनद नाही ही त्याची मोठी तक्रार होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो कडक शब्दांत बोलला. आणि स्वतःच्या मृत्युपत्रात त्याने एकालाही मुक्त केलं नाही. मुलगा जॉन मेसन याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत घरच्या गुलामांतले कारागीर मोजले आहेत: सुतार, पिंपं करणारे, करवतकाम करणारे, लोहार, चांभार, सूत कातणाऱ्या, विणकर, दारू गाळणारासुद्धा. घरापासून जवळच लाकडी ओंडक्यांच्या खोपट्यांची वस्ती होती, तिला तो लॉग टाउन म्हणतो. वडिलांचा खासगी नोकर जेम्स तिथे कुटुंबासह राहायचा. टूरवर हे विचारलंत की बोलणारा माणूस खुलतो.

सहावी पायरी: माउंट व्हर्ननला उलट्या क्रमाने फिरा

फाटकातून आत गेलं की सगळे हवेलीच्या मागच्या ओसरीकडे धावतात, कारण तिथून पोटोमॅकचं दृश्य दिसतं आणि खुर्च्याही असतात. तुम्ही आधी वरच्या बागेतल्या ग्रीनहाउसकडे वळा. समोरून बघाल तर काचेच्या उंच खिडक्या आणि लिंबाची झाडं. वळसा घालून मागे गेलात की विटांच्या दोन लांब पडव्या दिसतात. इथे गुलामीत ठेवलेली माणसं राहायची. मूळ इमारत १८३५ मध्ये जळाली, आजची १९५१ ची पुनर्बांधणी आहे. आत फळ्यांचे एकावर एक पलंग, एक चूल, खुंटीवर कपडे. शिधा दिवसाला साधारण एक शेर मक्याचं पीठ आणि मुठीएवढी खारवलेली मासळी. आठवड्यातले सहा दिवस सूर्योदय ते सूर्यास्त काम, रविवार मोकळा.

त्या खारवलेल्या मासळीपाशी थांबा, कारण वसंताचा खरा संबंध तिथे आहे. मार्च-एप्रिलमध्ये हेरिंग आणि शॅड मासे समुद्रातून पोटोमॅकमध्ये अंडी घालायला वर चढतात. ते थोडेच आठवडे शेतातली माणसं काढून नदीत उतरवली जायची. थंड पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून लांब जाळी ओढायची, मासे साफ करायचे, पिंपात मीठ घालून भरायचे, रात्रंदिवस. एकेका हंगामात लाखो मासे निघत. काही विकले जात, बाकीचा वर्षभराचा शिधा. शेतात तेव्हाच तंबाखूची रोपं तयार होत असत, आणि मे महिन्यात मेंढ्यांची लोकर कातरायची पाळी. वॉशिंग्टनने १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गव्हाकडे मोर्चा वळवला, त्याने काम कमी झालं नाही, बदललं.

मग धक्क्याच्या बाजूला पायोनियर फार्म बघा. सोळा बाजूंचं धान्य मळायचं कोठार तिथे पुन्हा बांधलेलं आहे. वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरत कणसं तुडवायचे आणि फटींतून दाणे खाली पडायचे. आपल्याकडच्या मळणीची माहिती असलेल्या आजोबांना हे एका नजरेत कळतं. शेजारी गुलामांच्या खोपटाची प्रतिकृती आहे, एवढीशी खोली, मातीची जमीन. मेंढ्या हॉग आयलंड जातीच्या, दुर्मीळ.

परतताना वॉशिंग्टनच्या समाधीवर गर्दी दिसेल. तिथून थोडंच पुढे झाडीत गुलामांचं दफनस्थळ आणि स्मारक आहे. पहिला दगड १९२९ चा, आताचं स्मारक १९८३ चं, हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आराखडा केलेलं. बहुतेक थडग्यांवर नाव नाही. इथे मुलांना आवाज कमी करायला सांगा. हवेली सगळ्यात शेवटी, तुमच्या तिकिटावरच्या वेळेला.

मुलं जरा मोठी असतील तर ओना जजची गोष्ट सांगा. ती मार्था वॉशिंग्टनची खास दासी होती. वॉशिंग्टन अध्यक्ष असताना, २१ मे १७९६ ला, फिलाडेल्फियात घरातली मंडळी जेवत असताना ती दारातून बाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली, आणि वॉशिंग्टनने माणसं पाठवूनही परत आली नाही. १८४८ मध्ये तिथेच वारली, कागदोपत्री तेव्हाही गुलामच.

व्हर्जिनियात चौथीच्या वर्गाला राज्याचा इतिहास असतो. मूल त्या वयाचं असेल तर वर्ष सुरू व्हायच्या आधीचा वसंत गाठा. वर्गात मेसनचं नाव निघालं की त्याला घराचं अंगण आठवतं.

गाईडशी कसं बोलायचं

जुन्या पोशाखातली माणसं पाहून आपण बिचकतो. बिचकू नका. त्यांना प्रश्न हवे असतात. तुमच्या इंग्रजीच्या उच्चाराकडे कुणी बघत नाही. "हे घर केवढ्याला बांधलं" याऐवजी "इथे स्वयंपाक कोण करायचं, ती माणसं कुठे झोपायची, त्यांची नावं माहीत आहेत का" असं विचारा. उत्तर दुप्पट लांब मिळतं. "मालक चांगला होता का" हा आपला आवडता प्रश्न मात्र टाळा. शेजारी उभ्या असलेल्या काळ्या कुटुंबाचे पणजोबा-खापरपणजोबा याच नदीकाठी राबलेले असू शकतात. वाटेत रिचमंड हायवेवर गम स्प्रिंग्ज नावाची वस्ती लागते. माउंट व्हर्ननवरून मुक्त झालेल्या वेस्ट फोर्डने १८३३ मध्ये जमीन घेऊन ती वसवली. ती वसवणाऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात.

फोटो

ट्युलिपमध्ये नऊवारी नेसून फोटो काढायचा मोह होतो, बागेत काढा, छान येतात. प्री-वेडिंग, डोहाळजेवण असले ठरवून केलेले शूट मात्र या जागांवर न केलेले बरे, आणि बहुतेक ठिकाणी छायाचित्रकार आणायला आगाऊ परवानगी लागतेच. प्लँटेशनवरच्या लग्नांवरून इथे बरीच टीका झाली आहे. २०१९ मध्ये पिंटरेस्टसारख्या कंपन्यांनी अशा लग्नांची जाहिरात आवरती घेतली. गुलामांच्या खोपटात, पलंगावर बसून किंवा स्मारकासमोर सेल्फी नको. पोराने काढला तर तिथल्या तिथे सांगा, घरी आल्यावर नको.

घरी आल्यावर

हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. एप्रिलपासून उंच गवतात आणि झाडीच्या कडेला गोचीड असतात. हरणांवरची गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढीसुद्धा, आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. तिथे पाऊलवाटेवरच चाला, पँट मोज्यात खोचा. परतल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ, आणि मुलांच्या कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली नीट बघा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा गोल पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरला "आम्ही गवतात गेलो होतो" हे आपणहून सांगा. कपडे आधी धुवायला टाकू नका, कोरडे असतील तर तसेच ड्रायरमध्ये सगळ्यात गरम सेटिंगवर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या कोमट पाण्याने गोचीड मरत नाही.